आत्याच्या हाताला गुण नाही

आत्याच्या हाताला गुण नाही, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं. शिवायला टाकलेले कपडे न्यायला येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांनाही माहीत होतं. पांढऱ्या पायाच्या बाया लोकांनी पुष्कळ ऐकल्या असतील. दादांनी आपल्या धाकट्या बहिणीसाठी हाताचा हा नवाच प्रकार काढला होता. "यंत्राला तेवढा हात लावू नकोस बाई," हे त्यांचं वाक्य इतकं जुनं झालं होतं की त्यात रागसुद्धा उरला नव्हता. ते म्हणताना दादा हातातल्या कापडावरून नजरही उचलत नसत.

याची सुरुवात सत्तावीस वर्षांपूर्वी झाली. दादांनी दुकानात पहिलं विजेवर चालणारं ओव्हरलॉक मशीन आणलं, कौतुकाने बहिणीला त्यावर बसवलं, तिने पाय दाबला आणि मोटर जळाली. खोलीभर वास सुटला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणायची, पण अशा वेळी फांदीला कोणी काही विचारत नाही, सगळे कावळ्यालाच हाकलतात. त्या दिवसापासून आत्याकडे हातकाम आलं: काज, बटणं, हूक, तुरपाई. मोडीत काढायला ठेवलेलं एक पायमशीन होतं, ते तिने स्वतः खोललं, पुसलं, तेल घातलं आणि चालतं केलं. पंचवीस वर्षं ते कुरकुर न करता चाललंय, पण त्याचं श्रेय तिच्या हाताला देण्याचं काही कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तशी ती सगळ्या जगाची आत्या नव्हती. दादांच्या लेकीची आत्या, पण ती पोर लहानपणापासून दुकानात हाका मारत फिरे, म्हणून शेजारचा घड्याळवालाही तिला आत्याच म्हणू लागला. लग्न झालं नाही असं ती काही लोकांना सांगे आणि केलं नाही असं काहींना. दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची. टाचण्या तोंडात धरून बोलायची तिची खोड होती. गेल्या वर्षी एक टाचणी गिळता गिळता वाचली, तेव्हा दादा चांगलेच घाबरले आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी मनगटावर बांधायची पट्टी घेऊन आले. पट्टीवर रुपयाएवढी चकती, तिला टाचण्या आपोआप चिकटून बसत. सकाळी केस विंचरले की आत्या ती पट्टी बांधे ती झोपतानाच काढी. दादा तोंडाने कितीही बोलले तरी त्यांचा जीव होता बहिणीवर, हेही सांगितलं पाहिजे.

मग आठ महिन्यांपूर्वी दुकानात लॅपटॉप आला. गिऱ्हाइकांची मापं, तारखा, सगळं भाची त्यात भरायची. दुपारी ती जेवायला गेली की आत्या बसायची. आणि आत्या बसली की चार ओळी होतात न होतात तोच पडदा काळा व्हायचा. काही सूचना नाही, आवाज नाही, गप्पकन काळा. भाची परत आली, बटण दाबलं, की पुन्हा सुरू. दुरुस्तीवाल्याकडे दोनदा नेऊन झाला. त्याने एकदा तो दोन दिवस सलग चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. त्याने तसं सांगितल्यावर दादा नुसते आत्याकडे बघून मान हलवत आत गेले, आणि ते बोलण्याहून वाईट होतं.

आता या सगळ्यात आत्याने एक गोष्ट दादांपासून लपवली होती. शिवणकाम प्रशिक्षण केंद्रात तिची मुलाखत होती, एवढं दादांना माहीत होतं. काज-बटण शिकवायला बाई हवी असेल, असं त्यांनी धरलं होतं आणि तिने ते धरू दिलं होतं. अर्ज तिने भरला होता कटिंग शिकवण्यासाठी. दादांच्या दुकानात कटिंग फक्त दादा करत. आत्याने त्यांच्यासमोर कापडाला कधी कात्री लावली नव्हती. वरच्या खोलीत मात्र जुन्या वर्तमानपत्रांची, फाटक्या चादरींची किती झंपर आणि सदरे कापले असतील, देव जाणे. जागेला वयाची अट पन्नास होती. आत्याला पन्नास पुरी व्हायला एकोणीस दिवस उरले होते. म्हणजे हीच एक खेप, पुन्हा नाही.

मुलाखत सकाळी अकराला, लॅपटॉपवरून. केंद्राच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की मोबाईल चालणार नाही, कापायचं टेबल आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. भाचीने मागच्या खोलीत टेबलाच्या टोकाला तीन वह्यांवर लॅपटॉप ठेवला, खिडकी उघडली, उजेड बघितला. आदल्या दिवशी तिने तालीमही घेतली होती. आत्या टेबलामागे उभी राहून बोलली, पडदा एकदाही काळा झाला नाही. कारण सगळी बटणं भाचीने दाबली होती.

अकराला दोन मिनिटं असताना पडद्यावर तिघं आली. दोन पुरुष, आणि मधे जाड भिंगाच्या चष्म्याच्या एक बाई. बाईच मुख्य दिसत होत्या. नमस्कार झाले. बाईंनी सांगितलं की पडद्यावर एक छोटा अर्ज येईल, त्यात नाव लिहा, खूण करा, आणि हे उमेदवाराने स्वतः करायचं. आत्या पुढे झाली. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले, नावाचं पहिलं अक्षर शोधलं, आणि पडदा काळा झाला.

भाचीने झडप घालून बटण दाबलं. पाच सेकंद, दहा सेकंद, मग उजेड आला, पुन्हा जोडणी, पुन्हा ती तिघं. तुम्ही मध्येच गेलात, बाई म्हणाल्या. आत्याने माफी मागितली. अर्ज राहू द्या तूर्त, एका पुरुषाने सुचवलं, आधी टेबल नीट दिसेल असा पडदा जरा वाकवा. आत्याने डाव्या हाताने लॅपटॉपचं अंग धरलं, उजव्याने पडदा वाकवायला गेली.

काळा.

या वेळी दादा आत आले. बाहेर गिऱ्हाईक नव्हतं आणि भाचीचा आवाज चढला होता. एका नजरेत त्यांना सगळं कळलं, निदान आपल्याला कळलं असं त्यांना वाटलं. "तिला कशाला हात लावू दिलास?" ते लेकीला म्हणाले. आत्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भाची कामाला लागली होती. चार्जर काढला, घातला. पडद्याचा उजेड वाढवायची कळ दाबून बघितली. मोबाईलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ धरून तिरप्या नजरेने बघितलं. पडद्यामागचा दिवा गेला असेल तर अंधूक चित्र दिसतं म्हणे. काही दिसलं नाही. बटण तीस सेकंद दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. हे करता करता दुसऱ्या कानाला मोबाईल लावून दुरुस्तीवाल्याशी बोलत होती. तो म्हणाला, बिजागरीतली वायर गेली असणार, हलवलं की तुटते, आणून टाका, परवा देतो. परवा!

लॅपटॉप लागला. भाचीच पुढे झाली आणि पडद्यावरच्या बाईंना सांगू लागली की मशीनमध्ये बिघाड आहे, मी चालवते, आत्या मागे उभी राहून सगळं दाखवेल. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, इथे धडे लॅपटॉपवरच रेकॉर्ड करायचे असतात आणि शिकवणारीनेच तो हाताळायचा असतो. दुसऱ्या कोणी चालवला तर ती मुलाखत धरता येत नाही.

"पुढच्या उमेदवार साडेअकराला आहेत," त्या आत्याकडे बघत म्हणाल्या. "तोवर तुमचं तुम्हाला जमलं तर या. नाही तर मला नाव खोडावं लागेल."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून तेरा मिनिटं झाली होती.

भाचीचे डोळे भरले. ती पडद्याची बिजागरी हलवून बघू लागली, लगेच सेटिंगमध्ये शिरली, तिथून चार्जरकडे वळली. एकाच वेळी दहा ठिकाणी हात. दादा दारात उभे होते. त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला होता. ते म्हणाले, "सोड आता. कशाला जिवाला लावून घेतेस? तुझ्या हाताला ते जमायचं नाही, आपल्याला माहीतच आहे की."

खरं सांगायचं तर आत्याने सोडलंच होतं. ती दोन पावलं मागे सरली होती आणि तिने दोन्ही हात पोटाशी धरले होते, एखाद्याने आपले हात दुसऱ्याला लागू नयेत म्हणून धरावेत तसे. एवढ्या वर्षांत तिलाही ते पटलं होतं. दिवसातून चार वेळा ऐकलेली गोष्ट पटायला पुरावा लागत नाही. पण त्या 'की' वर ती अडखळली. माहीतच आहे की. काय माहीत आहे? कोणी बघितलं होतं?

पायमशीन टाका सोडायला लागलं की आत्या काय करायची? शिव्या नाही घालायची. सुई बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवून एक वीत शिवून बघायची. मग सुई तीच, दोरा दुसरा, पुन्हा एक वीत. मग बॉबिन. एका वेळी एकच गोष्ट. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन सुधारतं कधी कधी, पण दुखणं कुठे होतं ते कधीच कळत नाही.

"बाजूला हो गं," ती भाचीला म्हणाली. "काहीही बदलू नकोस आता."

"आत्या, सतराच मिनिटं..."

"म्हणूनच."

दादा पुन्हा काहीतरी बोलू लागले. आत्याने मान न वळवता म्हटलं, "दादा, दोन मिनिटं गप्प बस." असं ती त्यांना जन्मात बोलली नव्हती. दादा गप्प बसले, बहुधा आश्चर्यानेच.

आत्याने उजवा हात कीबोर्डवर ठेवला. दहा आकडे मोजले. पडदा चालू. उजव्या हातानेच बिजागरी पुढे-मागे केली, चांगली जोरात. चालू. म्हणजे दुरुस्तीवाल्याची वायर निकालात निघाली. उजवा हात काढला आणि डावा हात लांबूनच पुढे करून नुसती बोटं टेकवली. चालू. तिच्या कपाळावर घाम आला होता, तो पुसायलाही तिने हात हलवला नाही. मग तिने डावा हात हळूहळू खाली आणला, तळवा टेकला, मनगट टेकलं.

काळा.

दादांच्या तोंडून नुसता सुस्कारा आला. भाचीने बटण दाबायला हात पुढे केला, पण आत्या आधीच मनगट उचलून बटण दाबून मोकळी झाली होती. लॅपटॉप जागा होईपर्यंत ती आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. तोच हात. तीच बोटं, तर्जनीवर सुईने पडलेला घट्टा. बोटं टेकली तर काही होत नाही, मनगट टेकलं की होतं. हातच वाईट असेल तर सगळाच वाईट असायला हवा, निम्माच कसा?

तिने पट्टी सोडली. टाचण्यांसकट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. मग डावं मनगट होतं तिथेच, तसंच, दाबून टेकवलं. वीसपर्यंत मोजलं. पडदा चालूच. आता आत्याने हात पार बाजूला घेतले, पाठीमागे नेले, आणि भाचीला सांगितलं, ती पट्टी आण आणि तिथे ठेव. नुसती. भाचीने ठेवली. कोणाचाही हात लागलेला नव्हता आणि पडदा काळा झाला.

"लोहचुंबक!" भाचीने कपाळावर हात मारला. "आत्या, झाकण मिटलं की लॅपटॉपला कळतं ना, ते आतल्या चुंबकामुळे कळतं. तुझी पट्टी जवळ आली की त्याला वाटतं झाकण मिटलं, आणि तो झोपतो. आठ महिने! काखेत कळसा आणि..." पुढचं तिला हसू आल्यामुळे म्हणता आलं नाही.

आत्याला हसू आलं नाही. तिला राग आला होता. लॅपटॉपचा नव्हे, पट्टीचाही नव्हे. ती तर बिचाऱ्या दादांनी काळजीपोटी आणलेली. तिला ती मोटर आठवली. त्या मोटरचंही असंच काहीतरी कारण असणार. वायरिंग कच्चं असेल, वीज जास्त आली असेल. कोणी शोधलंच नाही. कारण शोधायला वेळ लागतो, नाव ठेवायला लागत नाही. आणि दुसऱ्यांना कशाला बोल लावा, तिनेही शोधलं नव्हतं.

अकरा चोवीसला ती तिघं पुन्हा पडद्यावर आली. आत्याने स्वतः जोडणी केली होती, एकेक बोटाने. अर्ज भरला, खूण केली. काय बिघाड होता, बाईंनी विचारलं, तेव्हा तिने जे होतं ते सांगितलं: बिघाड माझ्या मनगटावर होता. एक पुरुष हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

सहाच मिनिटं उरली होती. बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून बाई म्हणाल्या, एक बाही कापून दाखवा. लांबी दहा इंच, दंडघेर बारा, मुंढा साडेसोळा.

दारातले दादा ताठ झाले. कापून? आत्याला पाठ फिरवूनही ते जाणवलं. तिने सुती कापडाची घडी घातली, खडूने खुणा केल्या, बाहीच्या माथ्याचा गोल एका दमात काढला आणि कात्री उचलली. तिने कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकवलं, एक श्वास घेतला आणि कापायला सुरुवात केली. मधे थांबली नाही. थांबलेली कात्री कापडावर दाते सोडते. मग घडी उघडली आणि पुढच्या बाजूचा गोल, काखेपाशी मुंढ्याला चुणी पडू नये म्हणून, जरा खोल कापला. दादांनी एकदा तोंड उघडून मिटलं, ते भाचीने पाहिलं.

आत्याने बाही कॅमेऱ्यासमोर धरली. बाईंनी चष्मा वर केला, जवळून पाहिली. मग हातातल्या कागदावर नजर टाकून विचारलं, "शिक्षणाच्या रकान्यात तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. कटिंग कुठे शिकलात?"

"इथेच. माझ्या भावाच्या दुकानात."

"त्यांनी शिकवलं?"

हो म्हटलं असतं तर दादांचा मान राहिला असता, आणि आत्याचं काही जाणार नव्हतं. निदान दुसऱ्या कोणाला तसं वाटलं असतं.

"नाही," आत्या म्हणाली. "ते कापायचे, मी मागे उभी असायची. सत्तावीस वर्षं. त्यांना माहीत नव्हतं."

बाईंनी मान डोलावली. बाजूच्या दोघांशी काही बोलल्या, ते ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या की नियमाप्रमाणे उरलेल्या उमेदवारांना बघावंच लागेल, पण तुमच्या वयाचा दाखला तेवढा आजच पाठवून द्या, अर्जातली तारीख बघता एकोणीसच दिवस उरलेत, ते काही फार नाहीत. पडद्यावरून ती गेली. घड्याळात साडेअकराला एक मिनिट कमी होतं.

भाची दाखला शोधायला वरच्या खोलीत पळाली. जिन्यावर तिच्या पायांचा आवाज येत राहिला. दादा टेबलाशी आले. बाही उचलली, मधोमध दुमडली, उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या कामात चूक काढण्यात गेलेला माणूस. त्याला वेळ लागला.

"पुढचा गोल अर्धं बोट जास्त खोल घेतलास," शेवटी ते म्हणाले.

"तू तसाच घेतोस."

दादांनी पुन्हा बाहीकडे बघितलं. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते आत्याने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. तिला त्यांची दया आली नाही, आणि दया आली नाही याचं वाईटही वाटलं नाही. तिने टेबलावरचे तुकडे गोळा करायला घेतले.

"राहू दे ते," दादा म्हणाले. त्यांनी कापडाच्या ताग्यातून हातभर कापड सोडलं आणि तिच्यासमोर पसरलं. "दुसरी बाही काप. मला बघायचंय."

नेहमीसारखे ते टेबलाच्या पलीकडे गेले नाहीत. तिच्या मागे येऊन उभे राहिले, आणि आत्याने खडू उचलला.